बोधिसत्त्वाची मुक्ती: पुढे ढकललेली की आधीच हाती आलेली?

वेदगंगेकाठी

वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या महिन्यांत, आमच्या विहारात संध्याकाळी वंदना झाली की बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन होतं. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत हे चालतं. परवा वाचन संपल्यावर बीएस्सीला असलेल्या एका मुलीनं विचारलं, “आपण बाबासाहेबांना बोधिसत्त्व म्हणतो. बोधिसत्त्व म्हणजे ज्यानं इतरांसाठी निर्वाण पुढे ढकललं तो. मग बाबासाहेब मुक्त नव्हते असं आपण म्हणतोय का?”

मोठ्या माणसांनी आपापल्या परीनं उत्तरं दिली. कुणी म्हणालं हा मानाचा किताब आहे, कुणी म्हणालं असले प्रश्न काढू नयेत. मला दोन्ही पटलं नाही. प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर ग्रंथांत आहे, म्हणून धागा काढतोय. लांबेल, पण वाचा.

आधी पाली परंपरेतली सुमेधाची कथा. अमरावतीचा श्रीमंत ब्राह्मण सुमेध, म्हणजे पुढे अनेक जन्मांनी गौतम बुद्ध होणारा बोधिसत्त्व, सगळी संपत्ती वाटून तापस होतो. गौतमांच्या फार आधीचे दीपंकर बुद्ध येणार म्हणून लोक रस्ता नीट करत असतात, सुमेध आपल्या वाट्याचा तुकडा घेतो. तो पुरा व्हायच्या आत बुद्ध येतात, तेव्हा तो केस मोकळे सोडून चिखलात पालथा पडतो, बुद्धांनी आपल्यावरून जावं म्हणून. तिथं पडल्या पडल्या त्याच्या मनात येतं की ठरवलं तर आजच माझे सगळे क्लेश (लोभ, द्वेष, मोह) जळून जातील. पण पुढचा विचार असा: ‘किं मे एकेन तिण्णेन पुरिसेन थामदस्सिना’. अंगात बळ आहे हे कळत असताना मी एकट्यानं तरून काय करायचं?

‘पुढे ढकललं’ ही समजूत बहुधा अशा कथांतून आली. पण कथा नीट बघा. सुमेध मुक्तीला नाही म्हणत नाही, तो आणखी मोठं काही मागतो. स्वतःचं दुःख संपवण्यावर न थांबता सम्यक् संबोधी, म्हणजे बुद्धाचं पूर्ण ज्ञान, मिळवायची, म्हणजे इतरांना वाट दाखवता येईल. ध्येय मोठं केलं म्हणून वाट लांबली, एवढंच.

महायान या नंतरच्या बौद्ध पंथाचे ग्रंथ तर याहून स्पष्ट बोलतात. विमलकीर्तिनिर्देश सूत्रातला विमलकीर्ती हा वैशालीचा गृहस्थ. भिक्खू नव्हे, घरदार असलेला माणूस. तो आजारी पडतो आणि बोधिसत्त्व मंजुश्री त्याला भेटायला जातो. आजाराचं कारण विचारल्यावर विमलकीर्ती म्हणतो, सगळे जीव आजारी आहेत म्हणून मी आजारी आहे, ते बरे झाले की मीही बरा होईन. हे वाक्य बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच संवादात पुढे बोधिसत्त्वाचं बंधन कोणतं आणि मुक्ती कोणती याची चर्चा आहे, ती मात्र फारशी कुणी सांगत नाही. तिथं साफ म्हटलंय की जो स्वतः बांधलेला आहे तो दुसऱ्याची गाठ सोडवेल हे शक्यच नाही. म्हणजे ‘आधी सगळ्यांना मोकळं करतो, मग माझं बघू’ ही भूमिका ग्रंथाला मान्यच नाही. बोधिसत्त्वाला काम करायचं तर मोकळं असावंच लागतं.

मोकळं कशापासून? दोन गोष्टींपासून. संसाराच्या ओढीपासून, आणि संसाराच्या भीतीपासूनही. आपण पहिलीच धरतो. दुसरी जास्त अवघड आहे असं माझं मत. ज्याला इथून कधी एकदा सुटतो असं झालंय त्याला संसारानं अजून धरून ठेवलंय, फक्त उलट्या बाजूनं. महायानी आचार्य असंगाच्या परंपरेत याला अप्रतिष्ठित निर्वाण म्हणतात. प्रज्ञा असल्यामुळे बोधिसत्त्व संसारात रुतत नाही, करुणा असल्यामुळे निर्वाणाच्या शांततेत जाऊन बसत नाही. कुठंच मुक्काम नाही. माझ्या मते बोधिसत्त्वाचं स्वातंत्र्य ते हेच. निघून जाण्याची पूर्ण मोकळीक असलेला माणूस राहतो, आणि ते राहणं त्याच्यावर कुणी लादलेलं नसतं.

---

शहापूर_पेठ

वाचतोय. विमलकीर्तीबद्दल पहिल्यांदाच कळलं. गृहस्थ आणि भिक्खूंना शिकवणारा, हे विशेष वाटलं.

---

अथणीचा_मास्तर

धागा चांगला आहे, पण एका ठिकाणी हरकत घेतो. महायानाची बाजू मांडताना अर्हताला, म्हणजे सगळे क्लेश संपवून मुक्त झालेल्या माणसाला, कमी लेखायची सवय असते, तुमच्या लिखाणातही ती थोडी डोकावतेय. ‘स्वतःचं दुःख संपवण्यावर न थांबता’ या शब्दांतून अर्हत आपलं बघून गप्प बसतो असं सूचित होतं.

पाली विनयपिटकाच्या महावग्गातला प्रसंग आठवा. सारनाथच्या पहिल्या उपदेशानंतर बुद्धांजवळ साठ अर्हत झाले होते. त्यांना बुद्ध म्हणाले, मी सगळ्या पाशांतून मुक्त आहे, दिव्य असोत वा मानवी, तुम्हीही मुक्त आहात. आणि लगोलग पुढे, ‘चरथ भिक्खवे चारिकं बहुजनहिताय बहुजनसुखाय’, भिक्खूंनो, बहुतांच्या हितासाठी आणि सुखासाठी फिरत राहा. एका वाटेनं दोघांनी जाऊ नका असंही बजावलं. मुक्ती मिळाल्यावर करुणेचं काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं, हे पालीतच आहे. त्यासाठी वेगळा बोधिसत्त्व लागत नाही.

उदान या पाली ग्रंथात एक वचन आहे: महासमुद्राला एकच रस, खारट, तसा या धम्मविनयाला एकच रस, विमुक्तीचा. एकच. अर्हताची मुक्ती हलकी आणि बोधिसत्त्वाची भारी असं तिथं नाही.

---

वेदगंगेकाठी

मास्तर, हरकत मान्य. ‘चरथ भिक्खवे’च्या आधी ‘मुत्ताहं’ (मी मुक्त आहे) येतं हा क्रमच मला महत्त्वाचा वाटतो आणि तो माझ्याच मुद्द्याला बळ देतो. आधी पाश सुटले, मग पाय निघाले.

तरी फरक उरतोच. अर्हताला हे काम सांगावं लागलं. बोधिसत्त्वाच्या बाबतीत ते काम सुरुवातीपासून संकल्पातच आहे. दशभूमिकसूत्र या महायान ग्रंथात बोधिसत्त्वाच्या वाटेवरच्या दहा भूमी, म्हणजे पायऱ्या, आहेत, प्रमुदितेपासून धर्ममेघेपर्यंत. आठवी अचला. तिथं पोचल्यावर बोधिसत्त्वाचे सगळे प्रयत्न आपोआप शांत होतात, आणि नेमकं तिथंच बुद्ध येऊन त्याला म्हणतात, छान, पण ही शांती श्रावकांना (बुद्धांचं ऐकून मुक्त होणाऱ्यांना) आणि प्रत्येकबुद्धांनाही (एकट्यानं बोध मिळवणाऱ्यांनाही) मिळते. तुझा पूर्वीचा संकल्प आठव, ही माणसं अजून तळमळतायत ती बघ. म्हणजे सगळ्यात मोठा मोह सुखाचा नाही, शांत बसून राहण्याचा आहे. ध्यानाच्या गोडीत अडकणं हे बोधिसत्त्वाचं बंधन, असं विमलकीर्तीच्या त्या संवादातही आहे.

आणि बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकात विचारलाय. भिक्खू कशासाठी निर्माण केला, परिपूर्ण माणूस घडवण्यासाठी की समाजसेवक घडवण्यासाठी? भिक्खू फक्त परिपूर्ण माणूस असेल तर तो स्वार्थीच, त्याचा धम्मप्रसाराला उपयोग नाही, असं त्यांनी बिनदिक्कत लिहिलंय.

---

खानापूरची_लेक

मी या विषयातली नाही, पण वाचून गप्प बसवेना म्हणून लिहिते.

माझ्या सासूबाई बराच काळ अंथरुणावर आहेत. सकाळी त्यांचं अंग पुसणं, चादर बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशीवर वळवणं, मग डबे, मग शाळा. रात्री पुन्हा तेच. शेजारच्या मावशी येता-जाता म्हणतात, “पुण्य कमवूलीस बघ.” घरातले पुरुषही तेच म्हणतात आणि बाहेर पडतात.

आता तुम्ही म्हणता, निघून जाण्याची मोकळीक असून जो राहतो तो बोधिसत्त्व. मला निघून जायची मोकळीकच नाही. मी प्रेमानं करते, खोटं बोलत नाही, सासूबाईंनी मला लेकीसारखं वागवलंय. पण कधीकधी भांडी घासताना वाटतं, हे सगळं माझ्याच वाट्याला का? अशा वेळी कुणी करुणेचं कौतुक केलं की अंगावर काटा येतो. बायकांना त्याग शिकवायला आपल्याकडं धर्माची कमतरता कधीच नव्हती. बोधिसत्त्वाचा आदर्शही तसाच वापरला जाईल का, याचं उत्तर हवंय.

---

शहापूर_पेठ

ताई, हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत.

---

वेदगंगेकाठी

ताई, तुमच्यावर जे लादलं गेलंय त्याला मी बोधिसत्त्वचर्या म्हणणार नाही. तसं कुणी म्हणत असेल तर तो ग्रंथाचा गैरवापर आहे, आणि हे मी मनापासून लिहितोय.

विमलकीर्तीच्या त्याच संवादात एक जोडवाक्य आहे. उपायाशिवाय प्रज्ञा हे बंधन, आणि प्रज्ञेशिवाय उपाय हेही बंधन. उपाय म्हणजे इथं करुणेनं केलेलं सगळं काम. डोळे मिटून, स्वतःला झिजवत, कुणाचं ओझं आपण का उचलतोय हे न बघता केलेली सेवा ग्रंथाच्या लेखी मुक्ती नाही. ती गाठच आहे. प्रज्ञा म्हणजे नुसतं शून्यतेवर बोलणं नव्हे. या घरात हे काम कुणाकुणाचं आहे आणि ते एकाच माणसावर का पडलंय, हे स्वच्छ दिसणं हीही प्रज्ञा आहे. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये बीबीसीवरच्या भाषणात बौद्ध धम्म का आवडतो हे सांगताना तीन गोष्टी एकत्र घेतल्या: प्रज्ञा, करुणा आणि समता. समता सोडून करुणा मागायची नाही. तुमच्या घरातल्या पुरुषांना तिसरा शब्द ऐकवायला हवा.

दुसरं, शांतिदेव. आठव्या शतकातला नालंदेचा भिक्खू, बोधिचर्यावतार लिहिणारा. स्वतःचं मांससुद्धा देऊन टाकण्याची भाषा त्याच्याकडे आहे खरी. पण तो म्हणतो, बुद्ध आधी भाजीपाल्यासारख्या गोष्टी द्यायला लावतात, ‘आदौ शाकादिदानेऽपि नियोजयति नायकः’, आणि मग हळूहळू एक वेळ अशी येते की माणूस अंगातलं मांसही देऊ शकतो, कारण तोवर त्याला ते भाजीसारखंच वाटू लागलेलं असतं. दुसरीकडे तो बजावतो की करुणेचा आशय अजून शुद्ध झालेला नसताना जीव टाकू नये. देताना आत जळत असेल तर तेवढं देऊ नये, हा स्वतः शांतिदेवाचा नियम आहे. त्याला हुतात्मे नको होते. देणं सोपं झालेली माणसं त्याला हवी होती.

---

अथणीचा_मास्तर

भाजीचा श्लोक आणलात ते उत्तम. आमच्याकडं लोक एकदम महादान आणि महात्याग यांच्या गोष्टी सांगतात आणि सुरुवात कुठून करायची ते कुणी सांगत नाही.

ताई, एक लक्षात ठेवा. पारमितांत, म्हणजे बोधिसत्त्वानं पूर्ण करायच्या गुणांत, क्षांतीही (सहनशीलता) आहे आणि प्रज्ञाही आहे. तुम्हाला फक्त क्षांतीच सांगितली जात असेल तर ते अर्धंच शिक्षण झालं. बाबासाहेबांनी धर्मांतराच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दहाही पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा आहे.

---

माळकरी_बेळगाव

मी वारकरी घरातला, आमच्या गल्लीत एकादशीला भजन असतं. बौद्ध ग्रंथ फारसे वाचलेले नाहीत. पण हा धागा वाचताना सारखे तुकोबा आठवत होते. ‘हेचि दान देगा देवा’मध्ये ते मुक्ती नको म्हणतात, धनसंपदा नको म्हणतात, संतसंग मागतात आणि शेवटी खुशाल गर्भवासी घाला म्हणतात. गर्भवासाला न भिणं हे तुमच्या ‘संसाराची भीती गेली’ याच्या फार जवळ वाटलं. दोन्हीकडं तेच आहे का?

---

वेदगंगेकाठी

माळकरी दादा, जवळ आहे पण तेच नाही. भीती गेली हे दोन्हीकडं खरं. तुकोबा पुन्हा जन्म घेतात ते विठ्ठलाचा विसर पडू नये आणि संतसंग मिळावा म्हणून, तिथं देव आहे आणि प्रेमसुख आहे. बोधिसत्त्वाकडं देव नाही. तो कुणाला दान मागत नाही, स्वतः संकल्प करतो. आणि जन्म घेण्याचं कारण समोरच्याचं दुःख, एवढंच.

पण शांतिदेवाचा एक श्लोक तुमच्या मंडळींना नक्की आवडेल:

मुच्यमानेषु सत्त्वेषु ये ते प्रामोद्यसागराः।
तैरेव ननु पर्याप्तं मोक्षेणारसिकेन किम्॥

जीव मोकळे होत असताना जे आनंदाचे सागर उसळतात तेवढेच पुरेत, नीरस मोक्ष घेऊन काय करायचं? इथं त्याग केल्याची खंत औषधालाही नाही. या माणसानं काही सोडलंय असं त्याला स्वतःलाच वाटत नाही. पहिल्या भूमीचं नावच प्रमुदिता आहे. सुरुवातीलाच आनंद, शेवटी बक्षीस म्हणून नाही.

---

रायबागचा_वाटसरू

मी कामानिमित्त मुंडगोडला जात असतो. धारवाड-हुबळी ओलांडून पुढं गेलं की तिबेटी वसाहत, गादेन आणि द्रेपुंगचे मोठे मठ तिथं पुन्हा उभे राहिलेत. आपल्या इतक्या जवळ बोधिचर्यावतार पाठ असलेले भिक्खू राहतात हे आपल्याकडं कमी लोकांना माहीत आहे. तिथं ऐकलेलं सांगतो.

तिबेटी आचार्य बोधिचित्ताचे, म्हणजे सगळ्यांसाठी बुद्ध होण्याच्या संकल्पाचे, तीन प्रकार सांगतात. राजासारखं: आधी स्वतः गादीवर बसायचं, मग प्रजेचं बघायचं. नावाड्यासारखं: सगळे एकाच नावेत, पैलतीराला बरोबरच लागायचं. आणि मेंढपाळासारखं: मेंढरं पुढं, आपण शेवटी. तिसरा सगळ्यात धाडसी मानतात.

मला तिसरा लगेच डोळ्यासमोर आला. आमच्या भागात पाऊस सरला की धनगरांचे कळप रस्त्याला लागतात. ओढा आला की धनगर कळपाला आधी उतरवतो. खांद्यावर घोंगडी, एखादं लंगडं कोकरू काखेत, आणि तो काठावर उभा राहून शेवटचं मेंढरू पाण्यात शिरेपर्यंत हाकत असतो. मग उतरतो. आता तो मागं आहे म्हणजे त्याला ओढा ओलांडता येत नाही असं कुणी म्हणेल का? उतार कुठं आहे हे त्या सगळ्यांत फक्त त्यालाच ठाऊक असतं.

---

खानापूरची_लेक

हे पटलं. पण धनगराला निदान बरोबर कुणीतरी असतं, तळावर बायका असतात, कुत्री असतात. एकट्यानं कळप कोण नेतं?

---

रायबागचा_वाटसरू

खरं आहे ताई. एकटा कुणीच नेत नाही.

---

निळी_पहाट

माझा प्रश्न वेगळा आहे. बाबासाहेबांनी आत्मा नाकारला, आत्म्याचं स्थलांतर नाकारलं. मग बोधिसत्त्वाचे जन्मोजन्म, दहा भूमी, सुमेध ते गौतम हे सगळं आम्ही कसं घ्यायचं? आत्माच नाही तर मुक्त कोण होतं आणि परत कोण येतं? हे सुटलं नाही तर वरची सगळी चर्चा पौराणिक होते.

---

वेदगंगेकाठी

या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण सगळ्याचं मूळ इथं आहे.

आधी तथ्य. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या पहिल्याच खंडात बाबासाहेबांनी दहाही अवस्था नावांनिशी दिल्यात: मुदिता, विमला, प्रभाकरी, अर्चिष्मती, सुदुर्जया, अभिमुखी, दूरंगमा, अचला, साधुमती, धर्ममेघा. त्यांनी त्या गाळल्या नाहीत. त्यांचा रोख असा की बुद्ध होण्यासाठी माणसाला पायरी पायरीनं कसोटीला उतरावं लागतं, आणि दुसरा कुठलाही धर्म आपल्या संस्थापकाला अशी परीक्षा द्यायला लावत नाही. अवतार वरून उतरतो, बोधिसत्त्व खालून चढतो. हा फरक त्यांना महत्त्वाचा वाटला, आणि आपल्यासारख्या समाजाला तो वाटायलाच हवा. जन्मानं कुणी मोठा नाही, हेच त्यात आहे.

आता ‘मुक्त कोण होतं’. वज्रच्छेदिका या महायान सूत्रात बुद्ध आपला शिष्य सुभूती याला सांगतात की बोधिसत्त्वानं संकल्प करावा, सगळ्या जीवांना मी निर्वाणाला नेईन. आणि नेल्यावरही त्यानं जाणावं की कुठलाही जीव नेला गेलेला नाही. ज्याच्या मनात ‘जीव’, ‘मी’, ‘व्यक्ती’ ही कल्पना टिकून आहे तो बोधिसत्त्वच नव्हे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कोडं वाटलं होतं. २०१९ च्या पुरात त्याचा व्यवहारातला अर्थ दिसला.

वेदगंगा आणि दूधगंगा दोन्ही चढल्या, हायवे बंद झाला, आमच्या वस्तीत घरांत पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ आणि खाली घोट्यापर्यंत चिखल. मदत दोन प्रकारची आली. एकात बॅनर होता, पिशवी देताना फोटो होता, घेणाऱ्याला कॅमेऱ्याकडं बघायला सांगत होते. दुसरे शेजारच्या गावचे लोक. खोरी-घमेली घेऊन आले आणि सरळ गाळ उपसायला लागले. दुपारी भाकरी-खर्डा सगळ्यांनी एकत्र खाल्ला. विहाराच्या वहीत नावं लिहून घेऊ म्हटलं तर म्हणाले, कशाला, उद्या आमच्यात पाणी शिरलं तर तुम्ही येणार न्हवं? ते गेल्यावर आमच्या मनावर उपकाराचं ओझं नव्हतं. पहिल्या मदतीचं ओझं आजही आहे.

ग्रंथांत याला त्रिमंडल परिशुद्धी म्हणतात. देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू, तिन्हींची पकड सुटलेली. ‘मी’ नाही म्हणजे काम करणारं कुणी नाही असं नव्हे. काम होतं, आणि त्यावर मालकी सांगणारा तिथं नसतो. बोधिसत्त्व यातच मोकळा असतो. म्हणून तो थकून हताश होत नाही आणि उपकार करून समोरच्याला बांधूनही ठेवत नाही. यासाठी आत्मा लागत नाही. उलट आत्मा धरला तर हे जमणारच नाही.

जन्मोजन्मीचं म्हणाल तर मी स्वतः ते काम पुढं चालत राहण्याच्या अर्थानं घेतो. बाबासाहेबांची १९२० ची माणगाव परिषद, १९२५ ची आपल्या निपाणीतली परिषद, १९५६ चं धर्मांतर, आणि आज विहारात वाचन करणारी पोरं. कुणाचा आत्मा कुणात शिरला नाही, संकल्प मात्र चालत आलाय. हे माझं आकलन. पारंपरिक भिक्खू पुनर्जन्म शब्दशः मानतात हेही नोंदवतो.

---

निळी_पहाट

‘काम होतं, मालकी सांगणारा नसतो’ हे स्वीकारते. संकल्प चालत येतो हे मात्र आणखी तपासावं लागेल. संघटनांचाही ‘मी’ असतो आणि तो माणसाच्या ‘मी’पेक्षा चिवट असतो. आपल्याच गटातटांत बघा.

---

शहापूर_पेठ

थोडं अवांतर. महावंस या श्रीलंकेच्या पाली इतिहासग्रंथात अशोकाच्या काळात धम्मप्रसारासाठी पाठवलेल्या थेरांची (ज्येष्ठ भिक्खूंची) यादी आहे. महाधम्मरक्खित महारट्ठात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि रक्खित वनवासाला, म्हणजे आजच्या बनवासीकडं. ‘सीमाभाग’ म्हणून आपण भांडत बसतो त्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा धम्म आला होता. आणि गदगजवळच्या डंबळला १०९५ चा शिलालेख आहे, त्यात आर्यतारेच्या विहाराचा उल्लेख येतो. तारा म्हणजे बोधिसत्त्वच. मुक्तीसाठी पुढच्या जन्मी पुरुष हो असं तिला सांगितलं तेव्हा तिनं नकार दिला, बाईच्या देहातच जीवांचं काम करीन म्हणाली, अशी तिबेटी परंपरेत कथा आहे. खानापूरच्या ताईंसाठी मुद्दाम लिहितोय.

---

खानापूरची_लेक

ही कथा माहीत नव्हती, धन्यवाद.

इथलं वाचून काल घरात बोलले. पुण्याचं नाव काढू नका म्हटलं, रात्रीची पाळी वाटून घ्या. दिरांनी एक दिवसाआड रात्रीचं बघायचं कबूल केलंय. सासूबाईच मध्ये म्हणाल्या, “तिला झोपू दे गा.” बघू किती टिकतंय ते. मास्तर, क्षांती आणि प्रज्ञा झाल्या, आता बाकीच्या आठ पारमिता मला समजेल अशा लिहा.

---

अथणीचा_मास्तर

लिहितो. दान, शील, नेक्खम्म, पञ्ञा, विरिय, खन्ति, सच्च, अधिट्ठान, मेत्ता, उपेक्खा हा पालीतला क्रम. उपेक्षेपासून सुरुवात करीन, कारण तिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. लोकांना ती बेफिकिरी वाटते. वर पुराच्या प्रसंगात नाव न लिहिणारे जे लोक आले, त्यांच्यात ती होती. वेगळा धागा काढतो, म्हणजे इथली चर्चा तुटणार नाही. निळी पहाट यांनी गटातटांबद्दल जे लिहिलंय त्यावर मात्र इथंच बोला, तो मुद्दा तसाच सोडू नका.